वरचं दार, खालचं दार

प्रिय चिमणे,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्येमध्ये बोलतेस आणि मला हे एका दमात सांगायचं आहे. तुझी रजा संपल्यावर बाळाला सांभाळायला ये म्हणालीस, तर "या वयात मला कुणाची आया व्हायचं नाही" असं म्हणून मी फोन ठेवला. तेव्हापासून तू माझ्याशी बँकेतल्या बाईशी बोलावं तशी बोलतेस. बरोबरच आहे. पण आधी फ्रिजचं ऐक.

स्वयंपाकघराच्या फरशा बदलल्या आणि त्यानंतर रोज सकाळी फ्रिजचं खालचं दार बोटभर उघडं सापडायला लागलं. जमिनीवर पाण्याचं थारोळं, दूध नासलेलं. आधी मी तुझ्या बाबांवर खेकसले. पण रात्री सगळ्यांत शेवटी फ्रिजला हात लावते मीच. गुडघ्यावर ठेवायला बर्फ काढते आणि झोपते. दार लावल्याचं मला स्वच्छ आठवायचं, तरी सकाळी ते उघडं. मग एकदा पाहिलं, तर बाबा माझ्याआधी उठून गुपचूप दार लावत होते, फरशी पुसत होते. मला अवाक्षर बोलले नाहीत. चहात साखर कमी पडली तरी जाहीर सभा घेणारा हा माणूस, आणि यावर गप्प!

आजीचं असंच सुरू झालं होतं. आधी नळ, मग दाराची कडी, मग गॅस. तू लहान होतीस, तुला तिची गाणी आठवतात. मला तो गॅसचा वास आठवतो.

परवा दुपारी खालून पाण्याची बाटली काढली, दार लावलं, हाताने दाबून खात्री केली. मग वरून बर्फ काढला, वरचं दार धाडकन लावलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत खालचं दार अलगद उघडलं. मी तिथेच स्टुलावर बसले. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा उघडलं. वरच्या दाराने आत ढकललेली हवा खालच्याला बाहेर लोटत होती. रबर गेलं असेल म्हणून कागदाची पट्टी दारात धरून ओढली, घट्ट. मग वाकून पाहिलं. फरशीवाल्यांनी फ्रिज जागेवर ठेवताना पुढचे पाय पार आत पिळले होते. तो पुढे झुकलेला; सुटलेलं दार परत मागे येणार कसं? पाय फिरवून पुढची बाजू जराशी उचलली. आता दार अर्धवट सोडलं तरी आपलं आपण लागतं. बाबांना हाक मारून दाखवलं. "अगं, म्हणजे तू नव्हतीसच!" म्हणाले, आणि इतके हसले की ठसका लागला. किती दिवस पोटात धरून होते, कोण जाणे.

तरी फ्रिजच्या साक्षीवर निकाल देणारी बाई मी नव्हे. काल डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मध्ये त्यांचाच हिशोब चुकला, तो मी सुधारला. डोकं ठणठणीत आहे, गुडघ्याकडे बघा, म्हणाले.

आता हे सगळं का लिहिलं ते. तुझं मूल मांडीवर घ्यायचं नाही असं मला क्षणभरही वाटलं नव्हतं. त्याला टबात बसवून मी दुसऱ्या खोलीत गेले आणि विसरले तर, या भीतीने मी नाही म्हणाले. आणि तू कारण खोदून विचारू नयेस म्हणून तुसडेपणाने म्हणाले. एव्हाना बाई ठेवली असशील तर तिला काढू नकोस, तिला वळण लावायचं काम मी बघते. ठेवली नसशील तर ठेवू नकोस. बॅग भरून झाली आहे. तू एकदा पुन्हा "ये" म्हण, की निघते.

तुझीच,
तिरसट आई