यतीच्या जागेतली उजळणी

बाई,

तुमची लाकडी पट्टी टेबलावर वाजायची, तो आवाज अजून कानात आहे. टक्, टक्. आम्ही कविता म्हणायचो आणि तुम्ही ठेका धरायचात. एकदा मी भरधाव सुटलो, यतीपाशी शब्दच मधोमध तोडला, आणि पट्टी थांबली. "घाई असेल तर गद्य वाच रे," म्हणालात. "ओळीत श्वासाला जागा ठेवलेली असते, ती शोध." वर्ग हसला. मीही हसलो, कळलं काहीच नव्हतं.

मिरजोळ्याच्या कारखान्यातली नोकरी संपून बरीच वर्षं झाली. हल्ली एका जुन्या होम कॉम्प्युटरच्या नादी लागलोय. नुसता कीबोर्ड, टीव्हीला जोडायचा. तुम्ही संमेलनासाठी खाडीवर कविता केली होतीत, कुठे छापली नाहीत, ती सबंध त्या पडद्यावर यावी एवढीच इच्छा. कागदावर ती गप्प बसते, इथे अक्षरं ठेक्यावर उमटतात. माझ्याखेरीज ती आता कुणाला येत असेल असं वाटत नाही. पण आपल्या अक्षरांची चित्रं एकेक करून भरावी लागतात आणि याची मेमरी इवलीशी, दोन कडव्यांत भरते. "तुमच्यासारखंच आहे हे," बायको म्हणते, "दोन घासांत पोट भरतं आणि दिवसभर गुरगुरतं."

म्हणून जादा मेमरीचं कार्ड करायला घेतलं. त्या काळच्या मेमरीच्या चिपा विसरभोळ्या, सारखी उजळणी करून घेतली नाही तर सगळं पुसून टाकतात. उजळणीच्या ठोक्यासाठी मी कार्डावर वेगळा क्रिस्टल बसवला. झालं! पडद्यावर अक्षरं फाटायला लागली. वेलांटी इकडे, काना तिकडे. कित्येक दिवस मी सोल्डरिंगलाच दोष देत होतो. मग एका सकाळी चहा गाळताना लख्ख दिसलं, आणि मी ओरडलो, "यतिभंग!"

बायको धावत आली. "काय मोडलं?"

"यती."

"मग मिळतो का बाजारात दुसरा?"

बाई, मशीनचा स्वतःचा ठोका मागच्या एका पिनेवर आयता बाहेर आलेला असतो. अर्ध्या ठोक्यात प्रोसेसर मेमरीशी बोलतो, उरलेल्या अर्ध्यात गप्प असतो. माझी उजळणी आपल्याच तालात, त्याच्या शब्दाच्या मधोमध पडत होती. क्रिस्टल काढला, मशीनचाच ठोका घेतला, उजळणी त्या गप्प अर्ध्यात बसवली. काल संध्याकाळी सगळी कडवी आली. एकही वेलांटी हलली नाही. मी खुर्चीत बसून नुसता बघत राहिलो.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीये, म्हणून सांगून टाकतो. शेवटची ओळ मला आठवत नाही. जागा रिकामी बरी दिसेना, तिथे माझीच घातलीय. लघुगुरू नीट मोजलेत, पण तुम्ही ऐकली असतीत तर

कडी वाजली. बायकोने दार उघडलंय. नाटे गावचा आमचा वर्गबंधू! शाळा सुटल्यापासून गाठ नाही, आणि आज नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन उभा. चपला काढता काढता त्याची नजर टीव्हीवर गेली, ओठ हलायला लागले.

"रे मेल्या," तो म्हणतोय, "शेवटची ओळ बाईंची नाय ही!" मी आत येऊन बस म्हणेपर्यंत उंबऱ्यातच त्याने सूर लावलाय.