पेरूला जायचं कशासाठी

बाबा,

तुमच्या जावयाने मला पेरूला न्यायचं ठरवलंय, आणि त्यामागे काहीतरी आहे याबद्दल मला जराही शंका नाही. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. तुम्ही गेल्यानंतर आमचं लग्न झालं, म्हणून सांगते. माणूस सरळ आहे. विम्याच्या कचेरीत आयुष्य काढलं, प्रभादेवीच्या आमच्या दोन खोल्यांत आजवर कधी आवाज चढवला नाही. पण हौशी म्हणाल तर अजिबात नाही. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो तेव्हाही यांचं अर्धं लक्ष घड्याळात. नंतर काश्मीर, केरळ, एकदा सिंगापूर, सगळं सहल कंपनीबरोबर, चाळीस-पन्नास माणसांच्या घोळक्यात, रात्री वरण-भात आणि सकाळी उठून पुन्हा बसमध्ये. असा माणूस एके दिवशी जेवणाच्या टेबलावर दक्षिण अमेरिकेचा नकाशा पसरतो आणि म्हणतो, "या वेळी आपण दोघंच जाऊ. कंपनी नको." मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. ते नकाशाच्या घड्या सरळ करत होते.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच चाललंय. इंका लोकांनी डोंगरात उंचावर बांधलेली दगडी शहरं बघायची आहेत. चुना नाही, माती नाही, नुसते दगड एकमेकांत असे बसवलेत की सुरीचं पातं जात नाही म्हणे. मी म्हटलं, कोणी घालून बघितलंय? त्यावर ते हसले, आणि तेही मला खटकलं, कारण एरवी माझ्या असल्या बोलण्यावर ते पेपर उघडतात. बेत मात्र बारकाईने केलाय. विमान कुस्को नावाच्या गावात उतरतं, ते अकरा हजार फुटांवर, तिथे एकदम राहिलं तर डोकं धरतं, श्वास लागतो. म्हणून उतरल्याबरोबर गाडी करून खाली दरीत जायचं. तिथे ओयांतायताम्बो म्हणून गाव आहे, जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी, त्यात दोन रात्री काढायच्या, डोंगरावरची पायऱ्यापायऱ्यांची शेती सावकाश बघायची आणि अंगाला हवेची सवय होऊ द्यायची. मग रेल्वेने माचू पिचूच्या खालच्या गावात मुक्काम, म्हणजे गर्दीच्या आधी वर जाता येतं. आणि कुस्को सगळ्यात शेवटी, निवांत. माचू पिचू कुस्कोपेक्षा खालच्या उंचीवर आहे, हे मला दर दोन दिवसांनी नव्याने सांगण्यात येतं. दुपारची विश्रांतीसुद्धा बेतात धरलेली आहे. तिथे चढावर दम लागू नये म्हणून कसल्याशा पानांचा चहा देतात. ती पानं कोकेन काढतात त्या झाडाची, हे मी शोधून काढलं आणि जाहीर केलं की मी घेणार नाही. "नको घेऊस," म्हणाले. एवढा समजूतदारपणा या घरात कधी नव्हता.

मी परळच्या हॉस्पिटलात रक्त तपासण्यात नोकरी केली, बाबा. रिपोर्ट हातात आल्यावर माणसं कशी वागतात ते मी रोज पाहत होते. काहीजण रडत, पण काहीजण एकदम गोड होत. बायकोला साडी घेत, मुलांना हॉटेलात नेत, आणि घरी काही बोलत नसत. तेव्हा मी सरळ अर्थ लावला: यांना काहीतरी झालंय आणि हे मला शेवटची सहल घडवतायत. उंचीवर जायचं तर तपासण्या हव्यातच, असं सांगून मी यांना माझ्या जुन्या खात्यात नेलं, रक्त काढवलं, छातीचा फोटो, हृदयाचा आलेख, सगळं. सगळं ठीक निघालं. तिथल्या पोरी माझ्या हाताखालून गेलेल्या, त्यांनी मला बरं वाटावं म्हणून लपवलं असेल असं वाटून मी दादरला दुसरीकडे पुन्हा तपासायला दिलं. तिथेही ठीक. डॉक्टर म्हणाले, "यांना न्या खुशाल, तुम्हीच जरा ताण कमी घ्या." यांना आजार नाही म्हटल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. पण मग कारण काय, या विचाराने मी आणखीच अस्वस्थ झाले.

हा संशयी स्वभाव मला कसा लागला ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्यामुळेच. गिरण्यांचा संप सुरू होऊन बरेच महिने झाले होते. तुम्ही साचेखात्यात कापड विणणारे, हात कधी रिकामे न राहिलेले, आणि आता लालबागच्या आपल्या खोलीच्या उंबऱ्यात बसून असायचात. आई कोणाकोणाकडे पोळ्या लाटायला जायची. अशात एका सकाळी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातलात आणि म्हणालात, चला, गिरगावला जाऊ. आम्हाला कधी नाक्यापलीकडे न नेणारे तुम्ही. मी, धाकटा आणि आई, आपण बसने गेलो. एका जुन्या हॉटेलात तुम्ही आम्हाला पियूष पाजलंत. मला आजही दिसतंय, तुम्ही स्वतःचा पेला आईकडे सरकवताय, ती तो परत तुमच्याकडे सरकवतेय, आणि तुम्ही म्हणताय, "आता मिटणार बघ. आता भोंगा वाजायला लागणार." आई रस्त्याकडे बघतेय. मग तुम्ही आम्हाला खोताच्या वाडीत नेलंत, ती लाकडी घरं दाखवायला. एका गॅलरीतून झगा घातलेल्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, "कोन पायजे तुमाला?" तुम्ही म्हणालात, "कोण नाय, बाय. पोरांना घरं दाखवतोय." आणि आईला हळूच म्हणालात, "अशी एक खोली घेऊ आपण. बघशील तू." मी तेव्हा सहावीत होते. एवढा सुखाचा दिवस मी त्याआधी पाहिला नव्हता.

आणि त्याच आठवड्यात तुम्ही आम्हाला परळच्या एसटी स्टँडवर नेऊन गावच्या गाडीत बसवलंत. ट्रंक टपावर चढवलीत आणि खिडकीशी येऊन म्हणालात, "चार दिवस जाऊन या." माझ्याकडे बघितलंही नाहीत. त्या चार दिवसांची दोन वर्षं झाली. गावच्या शाळेत मला मुंबईची म्हणून चिडवायचे. आम्ही परत आलो तेव्हा गिरणी सुरू झाली होती, पण तुम्हाला आत घेतलं नव्हतं, तुम्ही एका इमारतीवर वॉचमन होतात. मी तुमच्याशी कामापुरतं बोलायचे. तुम्हाला कळत होतं, तुम्ही कधी विचारलं नाहीत. माझ्या डोक्यात एकच बसलं होतं की पियूष पाजून, गोड बोलून तुम्ही आमची कटकट घालवलीत. तेव्हापासून कोणी माझे लाड करायला लागलं की मी आधी दाराकडे बघते.

परवा आईकडे गेले होते. ती अजून लालबागच्याच खोलीत, धाकट्याकडे. कान तेवढे जरा कमी ऐकतात. तिच्यासमोर बसून लसूण सोलत मी पेरूचं गाऱ्हाणं सांगितलं आणि बोलता बोलता म्हटलं, "बाबांनी एकदा आपल्याला गिरगावला नेलं होतं, आठवतं?"

"आठवता तर," आई म्हणाली. "पाया पडायचो तेवढो बाकी होतो तो माझ्या त्या दिवशी."

"कशासाठी?"

"जाऊ नको म्हणून. मी गावाक जायचं ठरवलं होतं ना. मला त्याला उंबऱ्यात बसलेलो बघवत नव्हतं गो. पोरांना निदान भात तरी मिळंल गावाक. तो नको म्हणत होतो. माका म्हणालो, एक दिवस चल माझ्याबरोबर, मग ठरव." तिने लसणाच्या पाकळ्या एका बाजूला केल्या. "छान दिवस होतो. पण मी काय ऐकलं नाय त्याचं." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "का गो? तुका म्हायत नाय?"

घरी येताना मी बसमध्ये बसले होते आणि माझा थांबा निघून गेला. तुम्ही तो पेला आईकडे सरकवत होतात, ती परत करत होती. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, बाबा. मी समजायचे, आम्हाला पाठवायचंय म्हणून तुम्हाला अपराध्यासारखं वाटत असेल. तुम्ही तर तिला थांब म्हणत होतात. आणि ती थांबत नाही म्हटल्यावर खिडकीशी येऊन, जणू तुम्हीच पाठवताय असं, "चार दिवस जाऊन या" म्हणालात. पुढेही इतकी वर्षं माझा राग गपचूप सोसलात, पण आईचं नाव घेतलं नाहीत. मला तुमचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. का नाही सांगितलंत?

घरी हे टेबलावर नकाशा घेऊन बसलेच होते. मला एकदम एक गोष्ट आठवली, जी मी आजवर या बेताशी जोडलीच नव्हती. दिवाळीनंतर मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली तेव्हा यांना सांगून टाकलं होतं की गावचं घर आता दुरुस्त झालंय, मी यापुढे तिथेच राहणार, तुम्हाला मुंबई सोडवत नसेल तर तुम्ही इथे राहा. ते नुसतं "बरं" म्हणाले होते. नकाशा त्यानंतर आणला.

मी उभ्या उभ्याच विचारलं, "मी गावाला जाऊ नये म्हणून हे सगळं चाललंय का?"

त्यांनी पेन्सिल नकाशाच्या घडीत ठेवली. "असं कसं म्हणेन मी? जायचं तर जा तू," म्हणाले. मग नकाशावर बोट ठेवून, "म्हटलं, एकदा दोघंच कुठेतरी राहून बघू. कोणी घाई करणारं नाही. मग तुला जे वाटेल ते." आणि लगेच, विषय संपल्यासारखं, "कुस्कोला किती रात्री ठेवू?"

"तीन ठेवा," मी म्हटलं आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. गावाचं काय ते अजून ठरलेलं नाही. पण मी कारण शोधणं थांबवलंय, निदान या आठवड्यापुरतं.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, आईला तर नाहीच. तिने विचारलं ना, तुका म्हायत नाय? तिचा चेहरा एकदम उतरला होता. एवढी वर्षं मी तुमच्याशी तुटक का वागत होते ते तिला त्या क्षणी कळायला लागलं होतं, मला दिसत होतं ते. मी खाली बघून लसूण सोलत राहिले आणि म्हटलं, "माहीत होतं गं. बाबांनी सांगितलं होतं मला."