सुमतीचं कुंकू

७ फेब्रुवारी १९६५
बरेच महिने वहीला हात लावला नाही, क्षमा. कुणाची मागते आहे कोण जाणे. लिहायला बसलं की खरं लिहावं लागतं, म्हणून टाळलं.

आज अप्पांचं वर्षश्राद्ध. आमच्या उपासना मंडळाचे ते गुरू; ते गेल्यावरची ही पहिलीच पुण्यतिथी. सुमती कात्रजहून आली, कपाळ मोकळं. वर्षभर कुंकू लावत होती. जगाच्या लेखी ती अविवाहित, अप्पांची शिष्या. आज सरळ विधवांच्या ओळीत बसली. अप्पांचा मुलगा वसंत म्हणाला, "कुंकू लावून या, नाहीतर बाहेर बसा." ती उठली. तिच्यामागे कात्रजची सगळी मंडळी उठली. निम्मा स्वयंपाक उरला.

८ फेब्रु.
वसंत कॉलेजवर आला. "कुसुमताई, गुरुवारच्या सभेत एवढंच सांगा, अप्पांचं सुमतीशी लग्न झालं नव्हतं. तुमचं सगळे ऐकतात."
"मी अंतरपाट धरला होता, वसंत."
"उपासनेतला काही विधी असेल."
"मंगलाष्टकांसकट?"
मग म्हणाला, "आई हयात असताना कायद्यानं ते लग्न नव्हतंच. म्हणजे खोटंही बोलावं लागत नाही तुम्हाला."
मुद्दा बरोबर. म्हणूनच राग आला.

अप्पा तेव्हा म्हणाले होते, देवाचा आदेश झाला आहे, बाहेर बोलायचं नाही. मला ते पटलं होतं, की नाही म्हणायचा धीर झाला नाही? अजून ठरत नाही.

९ फेब्रु.
ग्रंथालय. बी.ए.ला अमेरिकेचा इतिहास शिकवायचा, म्हणून मॉर्मन पंथाचं प्रकरण काढलं. संस्थापकानं ईश्वरी आज्ञा म्हणून गुपचूप आणखी बायका केल्या, चारचौघांत नाकारल्या. तो मारला गेला, पंथ फुटला. मोठा गट पश्चिमेकडे गेला, बहुपत्नीत्व उघड पाळू लागला. मागे राहिलेल्या काहींनी पुढे मुलाला प्रमुख केलं. मुलगा जन्मभर सांगत राहिला, वडिलांनी असलं काही केलंच नाही. पहिली बायकोही तेच म्हणत गेली. बाकीच्या बायका म्हातारपणी साक्षी देत बसल्या.

वर्गात हसत सांगण्यासारखा भाग. उद्या गाळणार. (हेही नाकारणंच की.)

१० फेब्रु.
माईंकडे गेले. अप्पांची पहिली... अप्पांची पत्नी. तांदूळ निवडत होत्या.
"माई, अंतरपाटाच्या दिवशी सुमतीची ओटी तुम्ही भरलीत."
"आल्यागेल्या बायकांची भरतेच मी."
"कुमारिकेची?"
"फार शिकलीस हो तू." मग मान वर न करता, "नवरा मला एकटीचा हवा होता. आता मेल्यावर तरी मिळू दे."
चहा घेतला, निघाले.

मंडईपाशी कात्रजचे ज्ञानोबा भेटले. "ताई, तुमी व्हता ना तवा? मंग सभंत बोला की. आमी येगळा मठ काढतोय. बाईंना गादीवर बसवायचं हाय."
"बाईंना विचारलंत?"
"त्यात काय इचारायचं?"

मी लग्न झालं म्हटलं तर तिला गादीवर बसवतील. नाही म्हटलं तर ती एक तर कायमची बाहेर, नाहीतर कपाळावर कुंकू. वसंतनं विचारलं, ज्ञानोबांनी विचारलं. सुमतीनं माझ्याकडे काहीच मागितलेलं नाही. मीही वर्षभर तिच्याकडे फिरकले नाही.

सभा उद्या संध्याकाळी आहे.

त्याआधी: सकाळच्या बसनं कात्रज, सुमतीकडे.