चांगूची घोंगडी

मैना,

तू गाढ झोपली होतीस, उठवलं नाय. काल सांजच्याला आपल्या गावचा पांडू मुंबईहून आला. तिथं चांगू तापानं फणफणलाय, माणसं ओळखत नाय म्हणाला. मी दासगावच्या बंदरावर आगबोट धरायला निघालोय.

लग्नानंतर तुला मुंबई दाखवली, तेव्हा आपण राहिलो ती खोली माझी नव्हती गो. ती सगळ्या गावकीची. आपल्याला मोकळी करून दिली आणि गडी बाहेर रस्त्यावर निजले. चांगूनं तर स्वतःची घोंगडीही तुझ्यासाठी ठेवली. ती माझी समजून तू गाठोड्यात बांधून आणलीस. मी पाहिलं, पण तो कशावर निजत असेल हे मनात आलं नाय. आता परत नेतोय.

शेजारची येसूकाकी त्याची आई. घोंगडीच्या काठाला तिनंच लाल दोरा भरलाय, दिवसा नेताना दारात दिसती तर तिनं ओळखली असती. मी कामावर गेलो, एवढंच तिला सांग, तापाचं कळू देऊ नको.

भाकरी घेतल्यात. चिठ्ठी चुलीत घाल.

जात्यावर बसशील तेव्हा राणीच्या बागेची ओवी गा, ट्रामची गा. काकी भिंतीपलीकडून ऐकते. आपल्या खोलीची ओवी तेवढी गाऊ नको.

हैबती