नाक्यावरची गाडी

२८ मार्च २००२, जुन्नर

फोन लागत नाही! सकाळपासून चौदा वेळा फिरवला. ‘इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं’ — तीच बाई, तोच आवाज.

काल आमच्या, ज्यूंच्या, पेसाख सणाची पहिली रात्र. मी इथे एकटीनेच मनुकांचं सरबत आणि बिनखमिराची भाकरी पुढे ठेवून प्रार्थना म्हटली. तिकडे इस्रायलमध्ये एका हॉटेलात सणाच्या जेवणाला बसलेली माणसं बॉम्बस्फोटात गेली. टीव्हीवर उलटीपालटी टेबलं दाखवतायत. माझा मुलगा नातान तिकडेच, अश्दोदला; हॉटेल दुसऱ्याच गावात. नकाशात बघितलं. तरीपण.

२९ मार्च

लागला. नातान, सून, नात शिरा, सगळे ठीक.

आणि लगेच — “आई, बोलावणं आलंय.” राखीव फौजेचं. चौतिसाव्या वर्षी, बसचं गॅरेज सोडून पुन्हा बंदूक! हद्दीपलीकडे, पॅलेस्टिनींच्या गावांत जावं लागणार. तुकडीतले दोघं नाही म्हणतायत, ते तुरुंगात जातील. “तू काय म्हणतेस?”

मी काय म्हणणार! तेवढ्यात सुनेनं, रीनानं, फोन ओढून घेतला. एवढी शांत पोर, पण ओरडलीच. “आई, शिरा रोज बसनं शाळेत जाते. रोज! ती पोचल्याचं कळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. बसमध्ये बॉम्ब फोडणाऱ्यांना कुणीतरी थांबवायला नको का?”

नातान परत फोनवर आला. म्हटलं, “बाकीचे जातायत ना? मग जा.”

एवढंच म्हटलं.

३ एप्रिल

नातानची काही खबर नाही.

६ एप्रिल

शब्बाथ, आमचा विश्रांतीचा शनिवार. साळुबाई आली, घाटघरहून, कैऱ्या घेऊन. मी तिकडे नर्स होते तेव्हा तिची बाळंतपणं मीच केली. अजून जुन्नरच्या बाजाराला आली की डोकावते.

टीव्हीकडे बघत बसली. “नर्सबाई, ह्ये भांडान कशापायी वो?”

जमिनीपायी.

“हाय कुनाची?”

दोघंही म्हणतात आमची. आमच्या तर पोथीतच लिहिलंय. आणि ती माणसं म्हणतात, आमचे आजे-पणजे इथंच पुरलेत. तेही खोटं नाही.

“मंग वाटून घ्याया काय व्हतं?”

काय सांगू! नऊ वर्षांपूर्वी वाटून घ्यायचंच ठरत होतं. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी हात मिळवले, त्या दिवशी ह्यांनी अख्ख्या बाजारात पेढे वाटले होते. चहावाला कुशाबा म्हणाला, “मास्तर, कोन जितलं?” हे म्हणाले, “कुणीच नाही, म्हणून तर पेढे!”

हे जाऊन चार वर्षं झाली. कधी वाटतं, बरंच झालं — नाही. असं लिहू नये.

१८ एप्रिल

नातानचा फोन. दोन दिवसांची सुट्टी मिळालीय. आवाज असा की आधी ओळखलाच नाही.

दोन गावांच्या मधल्या तपासणी नाक्यावर त्याची ड्युटी. हुकूम होता — कुणालाही सोडायचं नाही. पोटाला बॉम्ब बांधून बाया येतात, अशी खबर होती. सकाळी टॅक्सी आली. आत पोटुशी बाई, शेजारी तिची सासू. सासू बोटांनी दाखवत होती — वेळ भरली, सोडा.

यानं वायरलेसवर विचारलं. थांब, म्हणाले. हा थांबला. परत विचारलं. थांब.

“आई, मी मोजत होतो. लहानपणी तू मला बाळंतपणांना सोबत न्यायचीस, बाहेर ओट्यावर बसवायचीस, तेव्हा ऐकलेलं सगळं आठवलं. आधी पाच-पाच मिनिटांनी कळ येत होती. मग तीन. मग सलगच. मला कळत होतं, आई. तिथं उभ्या असलेल्यांत फक्त मलाच कळत होतं.”

चाळीस मिनिटांनी सोडायचा हुकूम आला. तोवर मूल गाडीतच झालं होतं. रडलं नाही.

मी विचारलं, तू फाटक का नाही उघडलंस?

“खरंच बॉम्ब असता तर?”

तो एकदाही म्हणाला नाही की तूच जा म्हणालीस. म्हणायला हवं होतं.

१९ एप्रिल

पोळ्या लाटायला घेतल्या, तशाच ठेवल्या.

२३ एप्रिल

त्या बाईला पत्र लिहायला बसले. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, भाषा येत नाही. आणि लिहू काय? मी त्याची आई, आणि मी सुईण?

फाडलं.

५ मे

साळुबाईला सगळं सांगितलं. दुसरं कोण आहे? ती म्हणाली, “मुलगी व्हती का मुलगा?”

मी विचारलंच नव्हतं! इतके दिवस मी माझ्याच मुलासाठी रडत होते.

म्हटलं, साळू, तुझंही दुसरं मूल गेलं होतं की. मला पोचायला उशीर झाला होता.

“तवा दरड आली व्हती, नर्सबाई. दरडीला काय इचारावं? तुमी चिखलातनं चालत आला, त्ये बघितलं मी.” मग म्हणाली, “तुमचा पोरगा वाईट न्हाई. पर त्या बाईला त्ये कसं कळावं?”

तिला एसटीत बसवून दिलं.

११ मे

रीना म्हणते, सुट्टीवर घरी आला तरी तो जेवत नाही. शिरानं हात लावला की दचकतो. ड्युटी संपत आलीय, कायमचा घरी आला की ठीक होईल. मीही म्हटलं, होईल.

२० मे

नातानचा फोन. ड्युटी संपली होती, यानं आपण होऊन महिनाभर वाढवून घेतली. त्याच नाक्यावर! मी ओरडले, रडले. ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, “माझ्या जागी येणाऱ्याला मोजता येणार नाही, आई. आता तू सांगत जा, मी लिहून घेतो. बाळंतपण कसं करायचं. पहिल्यापासून.”

विचारलं, नाळ कापायला काय आहे तुझ्याकडे?

“चाकू.”

म्हटलं, उकळून घे.