नव्व्याण्णव म्हणजे कुलूप

मी, खाली सही करणारी, भूजल संशोधन विभागातून निवृत्त झालेली बाई, वय बहात्तर, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून आणि पूर्ण रागात लिहीत आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. आणायला आले होते, त्यांना दारातूनच वाटेला लावले. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. राहते घर धाकट्या बहिणीस. तिच्या नवऱ्याने भिंती पाडण्याचा विचारही करू नये. मागच्या खेपेला तो दिवाणखान्याची मापे काढत होता आणि मी तिथेच बसले होते, जिवंत.

कलम २. बँकेतील ठेव भाचीस. ती कशी खर्चावी हे तिला कोणी शिकवू नये, विशेषतः उपरोक्त मापे काढणाऱ्या तिच्या वडिलांनी.

कलम ३. पाण्याला टेकताच वाजणारी माझी मोजपट्टी, जो कोणी स्वतःच्या पायांनी विहिरीपर्यंत जाईल त्यास. म्हणजे विभागप्रमुखास नाही.

कलम ४. विहिरींची आकडेवारी. खरे तर या एका कलमासाठीच वकिलाची पायरी चढले.

शहराभोवतीच्या विहिरींत पाणी किती फुटांवर आहे, हे मी जन्मभर मोजले. विहिरीला कुलूप असेल, मोजता आले नाही, तर तक्त्यात ९९ लिहायचे, ही आमची पद्धत. रकाना रिकामा सोडला की कारकून त्यात शून्य भरायचा, म्हणजे विहीर काठोकाठ! सध्याचे विभागप्रमुख माझेच विद्यार्थी. बोट दिले, त्यांनी मनगट धरले. मी निवृत्त होताच फाईल उघडून त्यांनी प्रत्येक ९९ खरेच फूट धरले आणि सरासरी काढली. दरवर्षी कुलपे वाढत होती, त्यामुळे यांच्या आलेखात पाणी खोल खोल गेले. निबंध छापला, सन्मान झाला, आणि त्याच्या आधारावर वरच्या वस्तीला नवी विहीर खणायची बंदी झाली. तिथल्या बायका आजही टँकरमागे धावतात. पायाखाली पाणी आहे.

सांगायला गेले तर म्हणाले, "मॅडम, झालं गेलं कशाला उकरताय? डेटा विभागाचा आहे, बाहेर जाणार नाही." आता दर रविवारी फळे घेऊन येतात. आधी माझ्या तब्येतीची चौकशी, मग माझ्या घरातल्या आकड्यांच्या प्रतीची. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्य कधी मरतो याची वाट पाहणे चालू आहे.

विद्यापीठाच्या ग्रंथपाल बाईंशी माझे कधीच पटले नाही. खोकल्याबद्दल त्यांनी मला वाचनकक्षातून बाहेर काढले होते. तरी आकडे घेऊन त्यांच्याकडेच गेले. पहिलाच प्रश्न, "हे ९९ काय आहे? कुठे लिहिलंय?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"सगळे म्हणजे कोण? तुमच्यानंतर कोणाला विचारायचं?"

असा संताप आला! पण त्यांनी खुर्ची सोडली नाही. प्रत्येक रकान्याचा अर्थ माझ्याकडून लिहून घेतला, विहीरमालकांची नावे आणि फोन काढून टाकले. शिवाय या मोजणीला मिळालेल्या अनुदानाचा जुना करार शोधून माझ्यापुढे आपटला. "वाचा. आकडे खुले करायचे, हीच अट होती. तुमच्या विभागात कोणी वाचतं की नाही?"

'माझ्या मृत्यूनंतर खुले करावेत' असे मी लिहायला घेतले, तर अंगावर आल्या. "मेल्यावर कशाला? लोक शंका विचारतील, त्या काय मी निस्तरू?"

सबब सदर आकडेवारी गेल्या सोमवारी विद्यापीठाच्या संग्रहात सर्वांसाठी खुली झाली असून, या कलमान्वये द्यायला माझ्याजवळ काहीही उरलेले नाही. विभागप्रमुखांनी फळे आणू नयेत.

काल वरच्या वस्तीतून एका बाईचा फोन आला. "गाळ साचला म्हणून बंद केलेल्या आमच्या जुन्या विहिरीपुढे ९९ आहे. मग पाणी कितीवर आहे हो?"

म्हटले, "कुलूप काढून ठेव. मी येते."

साक्षीदार १: माझे डॉक्टर. (सही)
साक्षीदार २: ग्रंथपाल. यांस या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, म्हणून कायद्याने चालतात. (सही)

लिहिणारी: (सही)
स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: ४ नोव्हेंबर. घाईत, बाहेर रिक्षा उभी आहे.