मी स्वच्छतामंत्री, चाबी सरांपाशी

प्रिय पल्लवीताईले धम्मदीपाचा मनापासून जय भीम.

तू कशी हायस? मावशीचे गुडघे काय म्हणतेत? नर्सिंगच्या पेपरायचं काय झालं? आमी इकडे मजेत हावो, असं लिहाची पद्धत हाय म्हणून लिहलं. पुढचं वाचून तुले समजंलच. पत्र कायले लिहून राह्यली म्हणशील, त आमचा फोन रायते बाबाच्या खिशात, अन् बाबा स्पीकर लावल्याबिगर बोलतच नाहीत. तुले सांगतलेलं तुह्याआधी अर्ध्या गावाले समजते. म्हणून हे रहीमचाचाच्या जीपमंदी देऊन राह्यली.

आमचं आठवीचं वर्ष संपत आलं. पुढची शाळा गावात नाही, नववीले शेलूबाजारले जा लागते. पोट्ट्यायचं सगळं ठरलेलं हाय. त्या उदयसिंगले अजून सातचा पाढा येत नाही, पण त्याची नवी सायकल घरी येऊन उभी बी राह्यली. मी वर्गात पयली, अन् माह्या वेळेस बाबा म्हणाले, "दर महिन्याले चार दिवस घरी बसते, हिले शिकाचं मनच नाही. कायले धाडाचं?" मी चूप बसली. ताई, मी चूप बसली याचाच मले एवढा राग येऊन राह्यला का रातची झोप नाही.

आता पयल्यापासून सांगतो. यंदा भागवत सरांनी आमच्या वर्गाचं मंत्रिमंडळ बनवलं. (भागवत सर म्हंजे आमचे वर्गशिक्षक. माणूस वाईट नाही, पण फोटो काढल्याबिगर त्याईले कोणतं काम झाल्यासारखं वाटत नाही.) उदयसिंग झाला मुख्यमंत्री. त्याचे वडील शाळा समितीचे अध्यक्ष हायत, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही असं सरांनी दोन डाव सांगतलं. गोलू आहारमंत्री. खिचडी पयले चाखाचा मान त्याचा, अन् तो चाखता चाखता पोटभर जेवून घेते. वैभवी अभ्यासमंत्री. मंत्री कोण ते मतदानानं ठरलं, पण कोणतं खातं कोणाले द्याचं ते सरांनी ठरवलं, अन् मले स्वच्छता आली. झाडू कोणाच्या हातात द्याचा, हे आमच्या गावात कोणाले शिकवा लागत नाही.

माह्या खात्यात मोलाची वस्तू एकच, पोरींचं नवं बाथरूम. टाइल्स हायत, नळ हाय, आरसा बी हाय म्हणतेत. म्हणतेत असं लिहलं, कारण दाराले कुलूप हाय. शाळा स्वच्छतेच्या स्पर्धेत हाय ना, मंग पोरींनी वापरून खराब केलं त नंबर कसा येईन? चाबी सरांच्या गाडीच्या चाबीसंगं एकाच कड्यात. आमी पोरी जातो शाळेमागच्या तुरीत, एक आत अन् दोघी राखण. पण महिन्याचे ते चार दिवस तुरीत कसं जमन? मंग घरीच बसा लागते. समजलं आता मले शिकाचं मन काहून नाही ते? मायले म्हणलं, तू सांग बाबाले. माय म्हणे, "माणसाजवळ असं बोलत असतेत का वं?"

मंत्री झालोच हावो त काही करून दाखवू, म्हणून शनिवारच्या बैठकीत मी ठराव मांडला का कुलूप काढा. वैभवीनं हात वर केला. पोट्टे सगळे उलटे. काहून, त बाथरूमच्या भिंतीवर त्याईनं कोळशानं स्टंप काढले हायत, अन् दार उघडं राह्यलं त पोरी येतीन-जातीन अन् मॅचचा सत्यानाश होईन! वरून उदयसिंग म्हणे, "कुलूप हाय म्हणून त तुह्यं खातं चमकून राह्यलं, तू कायले बोंबलतं?" ठराव पडला. त्याच दुपारी माह्याच भिंतीवर गोलू पयल्या बॉलले आउट झाला, तेवढंच जिवाले बरं वाटलं.

मंग स्पर्धेच्या पाहणीच्या मॅडम आल्या वाशीमहून, अन् सांगतलेल्या टाइमाले आल्या! असं आमच्या शाळेत कधी झालं नव्हतं. म्हणून सर निवांत हार अन् कचोऱ्या आणाले शेलूबाजारले गेलेले, गाडीवर, चाब्याच्या कड्यासगट. आमचा रस्ता तुले माहीत हाय. मॅडमचं पोट पार हलून गेलतं. त्याईनं माह्या छातीवरचा स्वच्छतामंत्र्याचा बिल्ला पायला, बाजूले घेतलं अन् कानात इचारलं. मी नेऊन दार दाखवलं. त्या कुलपाकडे पाहून राह्यल्या अन् मी त्याईच्या तोंडाकडे. मनात म्हणलं, धम्मदीपा, आता हे कुलूप जन्माचं निघते!

सर काही येईनात. मंग काय, माय वं! कडक इस्तरीची साडी हातात धरून मॅडम तुरीत. इकून मी राखण, तिकून वैभवी. बाहेर आल्यावर त्याईच्या पदराचा पाला मी झाडून दिला. "रोज इकडेच जाता का गं?" त्याईनं इचारलं. मी म्हणलं, "हो." "बरं," म्हणाल्या. सर आले, कचोऱ्या झाल्या, दार उघडलं, टाइल्सचा फोटो निघाला, अन् बाई पैकीच्या पैकी गुण देऊन गाडीत बसल्या! आता बोल. बाईमाणूस असून, तुरीत जाऊन आलेली असून! आमच्या शाळेचा पयला नंबर आला. प्रमाणपत्र मले धराले लावलं, फोटोत मी हासून राह्यली. सरांनी जुनं कुलूप काढून बक्षिसाच्या खुशीत नवं लावलं, पयल्याहून मोठं. अन् मागची तूर सोंगून गेली, आता सडकेवरून सगळं रान उघडं दिसते. मी राजीनामा दिला. सर म्हणे, पेपरात फोटो येऊ दे, मंग दे.

मावशीले जय भीम सांग. तब्येतीले जप.

तुही,
धम्मदीपा

ता.क. शुक्रवारी बाबा वाशीमले येऊन राह्यले, तुमच्याकडे चहाले थांबतीनच. तू नर्स होऊन राह्यली, तुह्यं ते ऐकतेत. चार दिवस मी घरी काहून रायतो, ते त्याईले तूच सांग.

ता.क. दुसरं. तुले बी सांगाची लाज वाटली त काही बोलू नको. चहा दे, अन् हे पत्र त्याईच्या हातात दे. खरं सांगू, लिहतांना वरती नावच तेवढं तुह्यं टाकलं.

बाबा, वाचून झालं असंल त घरी येऊन मले काही इचारू नका. येतांना शेलूबाजारले उतरा अन् नववीसाठी माह्यं नाव सांगून या.